सातबाऱ्यावर पोटखराब, पण सडा रिकामा नाही

रत्नागिरी-राजापूरकडे कातळसडा सातबाऱ्यावर बहुतेक 'पोटखराब' लागलेला असतो. मग आराखडा करताना तो रिकामाच धरतात. आपण शेतकरीही पोटखराब म्हटलं की नाक मुरडतो, खोटं कशाला बोला! पण पावसाचं पाणी याच जांभ्यातून मुरून खालच्या वाडीच्या विहिरींना लागतं. वर गुरं चरतात. उक्षी, कशेळी, बारसूच्या सड्यांवरची कातळशिल्पं तर २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. एकदा चिरेखाण पडली की यातलं काही परत येत नाही. म्हणून ग्रामपंचायतीचा आराखडा ठरण्याआधी सडा पावसात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा चालून बघा. पाणी कुठं साचतं, गुरांची वाट, चित्रं, देवाची जागा, सगळं गावनकाशावर खुणा करून ग्रामसभेत मांडा आणि ठरावात गट नंबरासकट लिहून घ्या. गावनकाशा महाभूनकाशावर मोबाईलवरच दिसतो.