रोचेस्टर? पण कुठलं?

अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं, अभिनंदन! आता तिकिटाआधी नकाशा उघडा. जगप्रसिद्ध मेयो क्लिनिकचं रोचेस्टर मिनेसोटात आहे. न्यूयॉर्क राज्यातही एक रोचेस्टर आहे, तिथंही विद्यापीठाचं मोठं हॉस्पिटल आहे, आणि दोन्हींत हजार किलोमीटरहून जास्त अंतर! पोर्टलंडचंही तेच. एक पश्चिमेला ओरेगनमध्ये, दुसरं पार पूर्वेला मेनमध्ये, आणि रेसिडेन्सी दोन्हीकडे. सिनसिनाटी शहर ओहायोत, पण त्याचा विमानतळ नदीपलीकडे केंटकीत. म्हणून तिकीट काढताना शहराच्या नावाबरोबर राज्य आणि विमानतळाचा तीन अक्षरी कोडही ताडून बघाच.

२०२० च्या करोनानंतर बहुतेक इंटरव्ह्यू ऑनलाइन झाले. विमानभाडं वाचलं, पण घड्याळाची परीक्षा सुरू झाली. न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे ऑक्टोबरात आपले संध्याकाळचे साडेपाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि तेच आठ आपल्याकडे साडेसहा होतात. फिनिक्सला हा प्रकारच नाही, तिथले आठ आपल्याकडे बारा महिने रात्रीचे साडेआठ! टेनेसी राज्यात तर नॉक्सव्हिलचं घड्याळ वेगळं आणि मेम्फिसचं वेगळं. हिवाळ्यात लॉस एंजेलिसचा इंटरव्ह्यू आपल्या रात्री साडेनऊला सुरू होऊन मध्यरात्र ओलांडतो. त्या दिवशी दुपारी हक्कानं झोपा, आणि रात्री कुकर लावायचा नाही हे घरात आधीच सांगून ठेवा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर व्हिसाच्या तारखेचं आधी बघा, विमानाचं मागाहून. इंटरव्ह्यूंचा मोसम साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे नेमका बर्फाचा. ईरी सरोवरावरून वारा सुटला की बफेलोत काही तासांत गुडघाभर बर्फ साचू शकतो. अशा गावी आदल्या दिवशी सकाळीच पोचावं. सूट, बूट आणि कागदपत्रं केबिन बॅगेतच ठेवा. चेक-इन केलेली बॅग शिकागोत अडकली, तर दुसऱ्या दिवशी जीन्सवर बसायची वेळ येते. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, त्याच्या आगेमागे तिकिटं भडकतात.

पूर्व किनाऱ्यावर मात्र रेल्वे म्हणजे वरदान. बोस्टन, न्यू हेवन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन हे सगळं एकाच मार्गावर आहे. त्यामुळे इंटरव्ह्यू लागोपाठच्या तारखांना मागून घेतले, तर एकाच फेरीत तीन-चार हॉस्पिटलं होतात. फिलाडेल्फियाच्या विमानतळावरून सुटणारी लोकल तर थेट ‘पेन मेडिसिन’ नावाच्या स्टेशनवर थांबते. याच शहरात आपल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. कलकत्त्याहून बोटीनं निघून त्या १८८३ मध्ये अमेरिकेत पोचल्या होत्या. इंटरव्ह्यूनंतर तासभर हाताशी असेल, तर त्यांचं शहर जरूर बघा.

पहिलीच तारीख मिळावी म्हणून महागडं तिकीट काढणारे पुष्कळ भेटतात. त्याची गरज नाही. १९५२ पासून चालत आलेल्या ‘मॅच’मध्ये संगणक तुमची आणि हॉस्पिटलची रँक लिस्ट जुळवतो, तारखांशी त्याला देणंघेणं नसतं. याच जुळणीच्या गणितासाठी लॉइड शेपली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं! तेव्हा सोयीची, स्वस्त तारीख बिनधास्त घ्या.

आणि मुक्काम? न्यू जर्सीत एडिसनला मावशी असेल तर ती हॉटेल घेऊच देणार नाही. पण तिथून मॅनहॅटनला रेल्वेनं जवळपास तास लागतो आणि पुढे ब्रॉन्क्स गाठायला सबवेनं आणखी वेळ जातो. सकाळी साडेसातचा इंटरव्ह्यू असेल, तर आदली रात्र हॉस्पिटलजवळच काढा. मावशीकडे नंतर जा, चांगले दोन दिवस राहा.