एस. वाय.ची बॅच आणि फिरतं चाक

सकाळी सव्वासात. कपाटातून गायरोस्कोप बाहेर. पितळी तबकडीच्या आसाला शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब, जास्त नाही. जास्त तेल म्हणजे धूळ चिकटणार आणि दुपारच्या बॅचला तबकडी लवकर मंदावणार. दोरा नवा घ्यायचा, कारण गाठी पडलेला दोरा ओढताना अडकतो आणि सगळं उपकरण टेबलावर उडी मारतं. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये हे यंत्र माझ्या नोकरीच्याही आधीपासून आहे. शेजारी आमचं घरगुती उपकरण: सायकलचं पुढचं चाक. टायर काढून रिमवर जाड तार गुंडाळलेली, आसाच्या दोन्ही टोकांना मुठी. वजन जितकं कडेला, तितका चाकाचा हट्ट मोठा, म्हणून तार रिमवर. हे चाक पहिल्या टेबलावर ठेवलं की मुलं पितळी यंत्राकडे ढुंकून बघत नाहीत.

आठला एस. वाय.ची पहिली बॅच. मी प्रयोगशाळा सहायक. शिकवायचं काम सरांचं. पण ‘मॅडम, हे पडत का नाही?’ हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो, कारण सर फळ्यापाशी असतात आणि चाक माझ्या हातात.

चाक जोरात फिरवायचं, एका टोकाची मूठ छताच्या हुकाला बांधलेल्या दोरीत अडकवायची आणि दुसरं टोक सोडून द्यायचं. न फिरणारं चाक धाडकन लोंबकळतं. फिरणारं चाक आडवंच राहतं आणि दोरीभोवती सावकाश प्रदक्षिणा घालू लागतं. वजन खाली ओढतंय, मग हे आडवं का जातं?

सर फळ्यावर कोनीय संवेगाचा बाण काढतात. बाण आसाच्या दिशेने, चाक जितक्या वेगात तितका लांब. वजन चाकाला खाली पाडू बघतं, पण ते पडणं ज्या आसाभोवती व्हायचं तो आसही आडवाच आहे, चाकाच्या आसाला काटकोनात. म्हणजे वजन दर क्षणाला बाणाच्या टोकाशी बाजूने एक छोटा तुकडा जोडत राहतं. बाजूने जोडलेल्या तुकड्याने बाण लांब होत नाही, वळतो. चाक मंद झालं की बाण आखूड होतो आणि तेवढाच तुकडा त्याला जास्त वळवतो. म्हणून तबकडी थकत आली की प्रदक्षिणा वेगात होते. मुलांना नेमकं उलटं वाटतं. रीडिंग घेतली की तबकडीच्या एका फेरीचा काळ आणि प्रदक्षिणेचा काळ यांचा गुणाकार साधारण तोच येतो, तेव्हा कुठे पटतं.

यापुढचं जर्नलमध्ये कोणी लिहीत नाही. मागच्या भिंतीवर मी खडूने एक आडवी रेघ मारून ठेवते. चाक सोडलं की मोकळ्या टोकाकडे नाही, त्या रेघेकडे बघायचं. टोक किंचित खाली जातं, दोनचार वेळा थरथरतं आणि रेघेच्या जरासं खालीच फिरत राहतं. प्रदक्षिणा सुरू झाली, म्हणजे उभ्या आसाभोवती नवी गिरकी आली. दोरी तर चाकाला पिळत नाही, मग ही आली कुठून? चाक कललं, तेव्हा त्याच्या स्वतःच्या गिरकीचा लहानसा भाग उभ्या दिशेत, आणि बरोब्बर उलटा, वळला. नव्या गिरकीची तेवढी भरपाई झाली. जमा आणि खर्च जुळले. एका मुलाने विचारलं, ‘म्हणजे ते थोडं पडतं म्हणूनच पडत नाही?’ सरांनी हातातला खडू खाली ठेवला आणि त्याचं नाव विचारलं.

पावणेदहा. फिरतं स्टूल. याच्या बेअरिंगवर माझा जीव आहे. ते कुणी खुर्ची म्हणून ऑफिसात नेऊ नये यासाठी मी भांडते. मुलाला बसवायचं, फिरतं चाक आस उभा ठेवून हातात द्यायचं आणि उलटं करायला सांगायचं. चाक उलटं होतं, मुलगा फिरू लागतो. चाकात जेवढा संवेग होता त्याच्या दुप्पट स्टुलाला आणि मुलाला मिळतो, कारण चाकाचा हिस्सा अधिकातून उण्यात गेला. पुन्हा सुलटं केलं की मुलगा थांबतो. या वेळी हमखास कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढतो आणि हमखास कोणाची तरी ओढणी स्पोकमध्ये जाता जाता वाचते, म्हणून ओढण्या आधी कमरेला बांधून घ्यायच्या.

अकरा. चहा. व्हायवात ‘गायरोस्कोपचे उपयोग’ विचारलं की पहिलं उत्तर येतं: चाकं फिरतात म्हणून सायकल पडत नाही. आमच्याच चाकाने ही समजूत पक्की होते, हे मला खटकतं. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९७० साली ‘फिजिक्स टुडे’त लिहिलं होतं. त्याने सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी दुसरं चाक लावून ते उलटं फिरवलं, म्हणजे गायरोस्कोपचा परिणाम जवळजवळ खोडून टाकला. सायकल तरीही चालवता आली. पुढे २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये एका प्रायोगिक सायकलचा निबंध आला. तिच्यात चाकांचा संवेग उलट फिरणाऱ्या चाकांनी रद्द केलेला होता आणि पुढचं चाक जमिनीला टेकतं तो बिंदूही मुद्दाम ‘चुकीच्या’ जागी घेतला होता. ढकलून सोडली की ती बिनस्वाराची सायकल स्वतःचा तोल सावरत जायची. खरं काम असतं ते ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला हँडल वळण्याचं. ते वळवण्यात फिरत्या चाकाचा थोडा हात असतो, बाकीचा वाटा हँडलच्या रचनेचा, वजनाच्या मांडणीचा आणि चालवणाऱ्याच्या हातांचा. आमच्या चाकाला दिसतं त्यापेक्षा जास्त श्रेय मिळतं, एवढंच माझं म्हणणं. सर म्हणाले, हे व्हायवात सांगाल तर बाहेरचा परीक्षक अर्धा मार्क कापेल.

बारा ते एक जर्नलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दीडला डबे. जानेवारी असल्यामुळे विषय संक्रांतीचा: उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ला सुरू होतं, मग संक्रांत १४-१५ जानेवारीला का? इथे मात्र गायरोस्कोप खरोखर आहे. पृथ्वीचा पोट-भाग फुगलेला, विषुववृत्ताची त्रिज्या ध्रुवांकडच्यापेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त. त्या फुगवट्याला सूर्य-चंद्र ओढतात, कललेला आस उभा करू बघतात. तो उभा न होता वळत राहतो आणि एक फेरी जवळपास २६ हजार वर्षांत पुरी करतो. आपली संक्रांत ताऱ्यांच्या राशीला बांधलेली आणि उत्तरायण आसाच्या कलाला. त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एका दिवसाचं अंतर वाढत जातं. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच सुमारास होते. टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये आसाचं हेच वळणं, म्हणजे संपातचलन, धरून वेदांचा काळ काढला होता: संपात मृग नक्षत्रात होता तो काळ, इसवी सनापूर्वी चार हजारच्या आसपास. त्यांचा निष्कर्ष मानायचा की नाही हा वेगळा वाद, पण हाताशी घेतलेलं घड्याळ पक्कं होतं. मराठीच्या बाईंनी तिळाच्या वड्या पुढे केल्या आणि वाद तिथेच थांबला.

अडीचची बॅच. तेल पुरलं. एका मुलीने मोबाइल स्टुलाच्या बैठकीला चिकटपट्टीने चिकटवला आणि फायफॉक्स अ‍ॅपवर कोनीय वेग लावला. हातात डंबेल्स, हात लांब, मग छातीशी. पडद्यावरचा आलेख एकदम चढला, हात पसरताच उतरला. मोबाइलमधल्या गायरोस्कोपमध्ये फिरतं चाक नसतं, हे ऐकून तिला फसवल्यासारखं झालं. सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा आत थरथरत असतो. मोबाइल वळला की त्याच्या थरथरण्याची दिशा बाजूला ढकलली जाते आणि ते ढकलणं मोजलं जातं. फिरण्याचं काम मोबाइल धरणाऱ्याचं.

चार वाजता तिनेच हबल दुर्बिणीचं काढलं. गायरोस्कोप बिघडले तर ती वळते कशी? गायरोस्कोप तिला वळवतच नाहीत. किती वळली तेवढं सांगतात. आतलं चाक मिनिटाला १९,२०० फेरे घेतं. २००९ मध्ये सहा नवे बसवले, त्यांतले बरेच गेले, आणि जून २०२४ पासून दुर्बीण एकावरच काम करते, एक राखीव. वळवतात ती वेगळी जड चाकं: चाक एकीकडे फिरवलं की दुर्बीण दुसरीकडे, आमच्या स्टुलासारखंच. पण बाहेरून सतत बारीक पिळे बसत राहतात, चाकांचा वेग साठत जातो आणि कधीतरी तो उतरवावाच लागतो. त्यासाठी विद्युतचुंबकांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रेटतात. साठलेली गिरकी पृथ्वीच्या खात्यात जाते. ‘पृथ्वीला कळतं?’ तिने विचारलं. कळण्याइतकी नसते, पण जाते.

पाच. शिपाई मामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात. सकाळचा तो प्रश्न विचारणारा मुलगा जर्नल विसरलं म्हणून परत आलेला, आणि आता त्याला मांजर सुचलं: पाठ खाली करून सोडलं तर हवेतच सरळ होऊन पायांवर उतरतं, सुरुवातीला गिरकी शून्य असताना. मग हिशेब कुठे गेला? मी त्याला चाक दिलं नाही. डंबेल्स दिले, स्टुलावर बसवलं, दाराकडे तोंड. आता पाय जमिनीला न लावता फळ्याकडे वळून दाखव. त्याने झटका मारला, स्टूल तेवढंच मागे आलं. पुन्हा झटका, पुन्हा तेच. मामा म्हणाले, ‘हात पसरून कंबर पिळ, मग हात जवळ घेऊन सोड, हळू.’ मामांनी ही बॅच माझ्यापेक्षा जास्त वर्षं पाहिली आहे. मुलाने हात पसरून वरचं अंग उजवीकडे वळवलं, स्टूल डावीकडे गेलं. हात छातीशी घेऊन अंग सरळ केलं, स्टूल परत आलं, पण पूर्ण नाही. चार बोटांइतकं डावीकडे उरलं. त्याने ते पुन्हा केलं, आणि पुन्हा.