मेसेजमध्ये ‘नॉट’ दिसला, पण त्यापुढचा छोटा शब्द सुटला? इंग्रजी सूचना अशा वाचा, नुकसान टाळा

समजा, बँकेकडून पीक विम्याबद्दल इंग्रजीत मेसेज आला : ‘इफ यू डू नॉट ऑप्ट आउट ऑफ द स्कीम, प्रीमियम विल बी डेबिटेड फ्रॉम युवर अकाउंट.’

घाईघाईत वाचणाऱ्याला त्यात ‘नॉट’ दिसतो, ‘आउट’ दिसतो, ‘स्कीम’ दिसतं. मग अर्थ लावला जातो, ‘आपण योजनेत नाही, म्हणजे पैसे कापणार नाहीत.’ खरा अर्थ अगदी उलटा आहे. ‘तुम्ही योजनेतून बाहेर पडला नाहीत, तर हप्ता तुमच्या खात्यातून कापला जाईल.’

हे नुसतं व्याकरण नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजना खरीप २०२० पासून कर्जदार शेतकऱ्यांसाठीही ऐच्छिक झाली. पण ज्यांना विमा नको आहे, त्यांनी शेवटच्या तारखेच्या किमान ७ दिवस आधी बँकेला तसं लेखी कळवायचं असतं. गप्प बसलं तर होकार धरला जातो. योजनेत शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी व फळपिकांना ५ टक्के असतो. म्हणजे ५० हजारांच्या खरीप विम्यासाठी १ हजार रुपयांपर्यंत रक्कम जाऊ शकते. विमा घ्यावा की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, पण तो समजून घेतलेला असावा.

गोंधळ नेमका कुठे होतो?

मराठीत ‘नाही’ बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं आणि ‘ला, तून, वर, साठी’ हे नावाला मागून चिकटतात. ‘खात्यातून पैसे गेले नाहीत.’ इंग्रजीत सगळं उलटं. ‘नॉट’ आधी येतो, मग क्रियापद, मग ‘टू, फ्रॉम, विथ, फॉर, ऑफ’ यांपैकी एखादा छोटा शब्द आणि सगळ्यात शेवटी नाव. आपली नजर ‘नॉट’वर आणि शेवटच्या नावावर जाते, मधला छोटा शब्द निसटतो. अर्थ मात्र बऱ्याचदा त्याच्यातच असतो.

मोबाईलवर नेहमी दिसणारी वाक्यं

– ‘नॉट क्रेडिटेड टू युवर अकाउंट’ : पैसे तुमच्या खात्यात जमा झाले नाहीत. ‘टू’ म्हणजे खात्याकडे.

– ‘नॉट डेबिटेड फ्रॉम युवर अकाउंट’ : पैसे तुमच्या खात्यातून गेले नाहीत. ‘फ्रॉम’ म्हणजे खात्यातून. ‘टू’ आणि ‘फ्रॉम’ची अदलाबदल झाली, की येणं आणि जाणं उलटं होतं.

– ‘अकाउंट नॉट सीडेड विथ आधार’ : खातं आधारशी जोडलेलं नाही. पीएम-किसानचे वर्षाला ६ हजार रुपये, म्हणजे २ हजारांचे तीन हप्ते, थेट खात्यात येतात. त्यासाठी ही जोडणी लागते. आधारची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे काम झालं असं नाही. अनुदान जमा होण्यासाठी खातं ‘सीड’ झालं का, हे बँकेत स्पष्ट विचारा.

– ‘नॉट एलिजिबल फॉर’ : अमुक गोष्टीसाठी पात्र नाही. ‘फॉर’नंतर काय लिहिलंय ते बघा. एका घटकासाठी पात्र नाही म्हणजे सगळ्या योजनेतूनच नाव गेलं, असं नाही.

– ‘डू नॉट शेअर ओटीपी विथ एनीवन’ : ओटीपी कुणालाही सांगू नका. ‘एनीवन’मध्ये बँकेचा माणूसही आला. फोनवर ‘मी बँकेतूनच बोलतोय’ म्हणणारा तर नक्कीच आला.

यूपीआयचं एक कायम लक्षात ठेवा. पिन टाकायची ती पैसे द्यायला, घ्यायला नाही. ‘पैसे मिळवायला पिन टाका’ असं कुणी सांगितलं, तर तो फसवतोय.

‘नॉट’ नसतानाही नकार असतो

काही वाक्यांत ‘नॉट’ दिसतच नाही, तरी अर्थ नकाराचाच असतो.

‘कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’ हे औषधांच्या आणि कीटकनाशकांच्या डब्यांवर असतं. अर्थ : मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. ‘कीप’ म्हणजे ठेवा एवढंच वाचून भागत नाही, ‘आउट ऑफ’ महत्त्वाचं. ‘कीप अवे फ्रॉम फूड’ म्हणजे खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नका. ‘अवॉइड कॉन्टॅक्ट विथ स्किन’ म्हणजे त्वचेला लागू देऊ नका.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा यांवर वारंवार बोललं जातं. डब्यासोबतच्या घडीच्या माहितीपत्रकात मराठी मजकूर असेल, तर तो आधी वाचा. इंग्रजीच वाचायची वेळ आली, तर ‘अवॉइड’, ‘कीप अवे’, ‘आउट ऑफ’ हे शब्द आधी शोधा.

दोन नकार एकत्र आले तर

‘नॉट’सोबत ‘विदाउट’ आला, की वाक्य अवघड वाटतं. काही अँटिबायोटिक औषधांच्या वेष्टनावर इशारा असतो : ‘नॉट टू बी सोल्ड बाय रिटेल विदाउट द प्रिस्क्रिप्शन’. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. सरळ करून म्हटलं, तर ‘चिठ्ठी असेल तरच विकायचं’. अशा गोळ्या मेडिकलमधून तोंडी मागून घेऊ नयेत, एवढं त्यातून कळतं.

‘नॉट लेटर दॅन ३१ जुलै’ हेही तसंच. ३१ जुलैच्या नंतर नाही, पण ३१ जुलै चालतं.

बोलताना कुठे चुकतं?

आपल्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी मुलं मुलाखतीत इथेच अडकतात. कारण मराठीतला ‘ला’ किंवा ‘त’ जसाच्या तसा उचलला जातो.

– ‘तो माझं ऐकत नाही’ : ‘ही डझंट लिसन टू मी’. मराठीत ‘ला’ नाही, म्हणून ‘टू’ सुटतो.

– ‘माझी वाट पाहू नका’ : ‘डोन्ट वेट फॉर मी’. इथे ‘फॉर’ सुटतो.

– ‘मी गणितात हुशार नाही’ : ‘आय ॲम नॉट गुड ॲट मॅथ्स’. ‘इन’ नाही, ‘ॲट’.

– ‘मी कुत्र्याला भीत नाही’ : ‘आय ॲम नॉट अफ्रेड ऑफ डॉग्ज’. ‘फ्रॉम’ नाही, ‘ऑफ’.

याला एकच एक नियम नाही. क्रियापद आणि त्याचा छोटा शब्द जोडीनेच पाठ करायचा. वाक्य नकारार्थी झालं तरी ही जोडी मोडत नाही, ‘नॉट’ फक्त आधी येऊन बसतो.

मेसेज आला की एवढं करा

१. आधी ‘नॉट’, ‘अवॉइड’, ‘विदाउट’, ‘आउट ऑफ’ शोधा.

२. त्यानंतरचं क्रियापद आणि छोटा शब्द एकत्र वाचा.

३. मग मराठीत शेवटून सुरुवात करा. ‘खात्यात… जमा… झाले नाहीत.’

४. मोबाईलमधल्या भाषांतराची मदत घ्या, पण पैशांचा मामला असेल तर बँकेत जाऊन खात्री करा. मेसेजमधल्या लिंकवर जाऊन नव्हे.

५. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

घरात शिकणारं पोर असेल, तर आलेला मेसेज त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि प्रत्येक वेळी एकच विचारा, ‘कशातून, कशाला, कुणाला नाही?’ त्याचा अभ्यास होतो आणि तुमचं खातंही सांभाळलं जातं.