मतपेटीतला कायदा (भाग ५) : कौल मतदारांचा, दुरुस्ती आमदारांची

अमेरिकेतल्या काही राज्यांत नागरिक सह्या गोळा करून कायद्याचा मसुदा थेट मतपत्रिकेवर कसा आणतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. मतदारांनी मंजूर केलेल्या अशा कायद्याचं विधिमंडळात पुढे काय होतं? मॅसॅच्युसेट्समधलं गांजाचं प्रकरण घेऊ.

नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथे ‘प्रश्न क्रमांक ४’ सुमारे ५४ टक्के मतांनी मंजूर झाला. २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना ठरावीक मर्यादेत गांजा बाळगायची, घरी रोपं लावायची मुभा मिळाली. दुकानं जानेवारी २०१८ पासून सुरू व्हायची होती. गव्हर्नर चार्ली बेकर आणि प्रतिनिधिगृहाचे सभापती रॉबर्ट डिलिओ यांनी याविरुद्ध उघड प्रचार केला होता. प्रचारात ते हरले, पण कायद्यात फेरफार करायची सूत्रं त्यांच्याच हातात राहिली.

२८ डिसेंबर. नाताळ आणि नववर्षाच्या मधले सुस्त दिवस. दोन्ही सभागृहांची अनौपचारिक बैठक भरली. अशा बैठकीत नावनिशीवार मतदान होत नाही, आणि एकाही सदस्याने हरकत घेतली तर विधेयक अडतं. विधिमंडळ २०० जणांचं, हजर होते बोटांवर मोजण्याइतके. हरकत कोणीच घेतली नाही. सतरा लाखांहून अधिक लोकांनी ‘हो’ म्हटलेल्या कायद्यातली दुकानांची तारीख तिथे सहा महिने पुढे गेली. दोन दिवसांनी बेकर यांची सही झाली.

परवाने, तपासणी, मुलांना सहज उघडता येणार नाही असं वेष्टन. नियम करायला वेळ हवा, हे कारण अगदीच पोकळ नव्हतं. माझा आक्षेप कारणाला नाही, साधलेल्या मुहूर्ताला आहे.

२०१७ च्या जुलैत मोठी दुरुस्ती आली. एकूण कर जास्तीत जास्त १२ टक्के होता, तो २० वर गेला. ज्या गावांनी २०१६ मध्ये ‘नाही’ म्हटलं होतं, तिथे २०१९ अखेरपर्यंत गावच्या कारभाऱ्यांनाच दुकानबंदी करता येणार होती. ‘हो’ म्हटलेल्या गावांत मात्र बंदीसाठी पुन्हा मतदान. आपल्याकडच्या दारूबंदीसाठीच्या ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानाची आठवण यावी, अशी ही सोय. पहिली दोन दुकानं उघडली ती २० नोव्हेंबर २०१८ ला, लेस्टर आणि नॉर्थॅम्प्टनमध्ये.

हे सगळं कायदेशीरच होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये मतदारांनी केलेला कायदा हा साधा कायदा असतो; विधिमंडळ तो साध्या बहुमताने बदलू शकतं. कोलोरॅडोच्या गांजासमर्थकांनी म्हणूनच २०१२ मध्ये आपली तरतूद थेट राज्यघटनेत घातली. ती आमदारांना परस्पर बदलता येत नाही.

साउथ डकोटात २०२० मध्ये हाच मार्ग धरला गेला. कौल ५४ टक्क्यांनी मिळाला, आणि लगेच एक शेरीफ कोर्टात गेला. त्या खटल्याबद्दल पुढच्या आठवड्यात.