गेम थांबवायचा, तर राउटरलाही कामाला लावा

रात्रीचे साडेबारा वाजलेत, पोरगं गोधडीत तोंड घालून पडलंय आणि गोधडीच्या आतून निळा उजेड येतोय. हे आता आपल्या कितीतरी घरांत रोजचं झालं आहे. एका खोलीत पाच माणसं झोपतात. पहाटे पाण्यासाठी उठणारी आई त्या उजेडानं जागी होते, ओरडते, फोन काढून घेते. पोरगं रुसतं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

आरोग्याच्या पानावर राउटरचं काय काम, असं कुणी विचारेल. काम आहे ते झोपेचं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास. एक वाजता झोपून सहाला उठणाऱ्या पोराच्या वाट्याला पाचच तास येतात. मग ते वर्गात पेंगतं, डोकं दुखतं म्हणतं, चिडचिड करतं आणि आपण त्याला टॉनिक आणून देतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घेतला. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याच्या खुणा तीन: खेळण्यावर ताबा न राहणं, जेवण-झोप-शाळेपेक्षा गेम मोठा होणं, आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणं. हे साधारण वर्षभर चाललं तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. खेळणारं प्रत्येक पोर काही आजारी नसतं, हेही लक्षात ठेवा. वस्तीत मैदान उरलं नाही, असेल तिथे गाड्या लागतात. मग पोरांनी खेळायचं तरी कुठे?

आता राउटरकडे वळू. भिंतीवर लटकलेल्या, लुकलुकणाऱ्या त्या डब्यात फायरवॉल नावाची सोय असते. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा. कोण आत येईल, कोण बाहेर जाईल, किती वाजता, हे तो तुमच्या सांगण्यावरून ठरवतो.

राउटर उलटा करून मागचं लेबल वाचा. त्यावर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउजरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाका. लेबलवरचं नाव आणि पासवर्ड टाकला की राउटरचं पान उघडतं. पासवर्ड लागला नाही तर तो कनेक्शन देणाऱ्या केबलवाल्याकडे मागा. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे हा पासवर्ड बदला. आपली पोरं लेबल वाचण्यात आपल्यापेक्षा हुशार आहेत.

मग 'पॅरेंटल कंट्रोल', 'ॲक्सेस कंट्रोल' किंवा 'सिक्युरिटी' असा भाग शोधा. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं. जोडलेल्या फोनांच्या यादीतून मुलाचा फोन निवडा आणि रात्री दहा ते सकाळी सहा इंटरनेट बंद, असा नियम लावा. राउटरचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे ना, तेवढं बघा. नाहीतर नियम भलत्याच वेळी लागू होईल. बहुतेक घरांना एवढं पुरतं आणि आमच्या मते सुरुवात इथूनच करावी.

दिवसा अभ्यासाला नेट हवं, पण गेम नको, असं असेल तर काम थोडं वाढतं. इंटरनेटची ये-जा नंबर दिलेल्या दरवाज्यांतून होते, त्यांना पोर्ट म्हणतात. वेबसाइट ८० आणि ४४३ नंबरच्या पोर्टवरून चालतात, साइटचा पत्ता शोधायला ५३ लागतो. गोळीबाराचे, टीमनं खेळायचे गेम सहसा मोठ्या नंबरांचे वेगळे पोर्ट वापरतात. म्हणून मुलाच्या फोनसाठी हे तीन पोर्ट चालू ठेवायचे आणि बाकी सगळे बंद. नियमांच्या यादीत 'चालू'चे नियम वर, 'बंद'चा सगळ्यात खाली. मग राउटर एकदा बंद करून चालू करा. यात व्हिडिओ कॉल तुटक होऊ शकतो. आणि लुडोसारखे काही गेम ४४३ वरूनच चालतात, ते यानं थांबणार नाहीत.

पळवाटा आहेतच. सगळ्यात मोठी म्हणजे सिमचा डेटा. वायफाय बंद झालं की पोरगं डेटा चालू करतं, तिथे राउटरचं काही चालत नाही. मुलाच्या फोनला डेटाचं रिचार्ज न मारणं हाच त्यावर उपाय. दुसरी पळवाट, नवे फोन आपली खरी ओळख लपवून वायफायला वेगळाच पत्ता सांगतात. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी' खाली फोनचा खरा मॅक पत्ता वापरा, असा पर्याय निवडावा लागतो. तिसरी, काही राउटरवर आयपीव्ही-४ आणि आयपीव्ही-६ यांचे नियम वेगवेगळे असतात. एकाला कुलूप आणि दुसरा उघडा, असं होऊ देऊ नका. आणि राउटरच्या मागे रिसेटचं बारीक भोक असतं. त्यात पिन घालून दहा सेकंद दाबलं की तुमचे सगळे नियम पुसले जातात. राउटर उंचावर लावा.

एक कनेक्शन दोन-तीन घरांत वाटून घेतलं असेल तर शेजारच्या ताईंना विचारल्याशिवाय काही बंद करू नका. तिच्या मुलीचा रात्रीचा अभ्यास त्यावरच चालू असेल. विहारातल्या अभ्यासिकेत वायफाय असेल तर तिथे मात्र पोर्टचा नियम सगळ्यांनाच लावायला हरकत नाही.

मुलाला न सांगता नियम लावू नका, असं आमचं ठाम मत आहे. टीमच्या गेमचा एक डाव अर्धा तास चालू शकतो. मध्येच नेट तुटलं की सोबतचे मित्र त्याला शिव्या घालतात, आणि तो राग घरावर निघतो. साडेनऊनंतर नवा डाव सुरू करायचा नाही, असं आधीच ठरवा. आणि मुलाचा फोन दहाला बंद होतो, तर बापानंही बारापर्यंत रील बघू नयेत.

मोठ्यांच्या रमीबद्दलही बोलायला हवं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्र सरकारनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी आणली. तरी असं ॲप कुणी फोनमध्ये टाकून दिलं आणि पैसे गेले, तर सायबर फसवणुकीसाठी १९३० वर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

नेट बंद केल्यावर मुलगा दोन-चार दिवस चिडला तर समजून घ्या. पण तो जेवण सोडत असेल, शाळेत जात नसेल, अंगावर धावून येत असेल किंवा जीव द्यायची भाषा करत असेल, तर ते राउटरचं काम नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.