बांबूउडी : बळ किती आणि तंत्र किती?

वैनगंगेच्या खोऱ्यातील गोंदिया जिल्हा भाताच्या बांध्या आणि तलावांसाठी प्रसिद्ध आहे. गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा आणि त्याच्या आसपासच्या गावांतील मुलांना बांबू ही काही अपूर्वाईची वस्तू नव्हे. मैदानी खेळांतील बांबूउडी मात्र अशा गावांतील शाळांच्या क्रीडांगणावर क्वचितच दिसते. साधनांचा खर्च हे त्याचे एक कारण होय. दुसरे कारण गैरसमजाचे आहे. ही उडी दांडग्या मुलांची आहे, असे समजून वर्गातील सर्वात बळकट मुलाच्या हाती काठी दिली जाते. तो दंडाच्या जोरावर स्वतःला वर ओढू पाहतो, काठी अर्ध्यावर अडते आणि मुलगा पाठीमागे कोसळतो. एकदा असे घडले की पालक धास्तावतात आणि खेळ बंद पडतो.

वास्तविक या उडीचे इंधन दंडात नसून धावण्यात आहे. धावकाच्या अंगी असलेली गतिज ऊर्जा काठीच्या साहाय्याने उंचीत बदलावयाची, एवढाच हा व्यवहार. सेकंदाला 6 मीटर वेगाने धावणाऱ्या मुलाची सर्व ऊर्जा उंचीत बदलली, तर त्याचा गुरुत्वमध्य सुमारे 1.83 मीटर वर जाईल. वेग 8 मीटर झाला तर ही वाढ 3.26 मीटर होईल. वेग एकतृतीयांशाने वाढला, उंचीची वाढ मात्र जवळजवळ पावणेदोनपट झाली. मुलाचे वजन या हिशेबात कोठेच येत नाही, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. सडपातळ पण वेगवान मुलगी येथे धिप्पाड मुलाच्या पुढे जाऊ शकते. स्त्रियांच्या बांबूउडीला ऑलिंपिकमध्ये 2000 साली सिडनी येथे प्रथम स्थान मिळाले, तेव्हा मुलींना वगळण्याचे कारण आता उरलेले नाही.

मग तंत्र कशासाठी? वेग वाटेत सांडू नये यासाठी. काठी घेऊन धावणे हेच मुळी अवघड. तिचे पुढचे टोक खाली ओढते, खांदे वाकतात आणि पावले आखूड पडतात. त्यानंतर येतो काठी रोवण्याचा क्षण. उजव्या हाताचा उडीपटू डाव्या पायावर उसळतो. त्या वेळी दोन्ही हात डोक्यावर उंच आणि उसळीचा पाय वरच्या हाताच्या बरोबर खाली हवा. पाय पुढे पडला तर धक्का खांद्यांना व कमरेला बसतो आणि वेग तेथेच मरतो. असा दोष असलेल्या मुलाने कितीही दंडबैठका काढल्या तरी उंची वाढत नाही. उलट ताकद वाढल्यामुळे तो अधिक उंच पकड घेतो आणि धोका वाढवतो.

तंत्राचे महत्त्व इतिहासही सांगतो. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅम याने 1942 मध्ये साध्या बांबूच्या काठीने 4.77 मीटर उंची ओलांडली. लवचिक फायबरग्लासच्या काठ्या नंतर आल्या. भारताच्या देव मीना याने अशाच आधुनिक काठीने 2025 मध्ये 5.35 मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. फ्रान्सचा रेनो लाविलेनी जेमतेम 1.77 मीटर उंचीचा. त्याने 2014 मध्ये 6.16 मीटरची उडी घेतली. याउलट बळाचा पक्ष अगदीच पोकळ नाही. स्वीडनचा आर्मांड डुप्लांटिस लहानपणीच घराच्या अंगणात काठीशी खेळू लागला, आणि 2024 मध्ये त्याने 100 मीटर अंतर 10.37 सेकंदांत धावून दाखविले. तंत्र बालपणी मुरले होते. मोठेपणी आलेला वेग त्यामुळे वाया गेला नाही. शालेय वयात तंत्राला अग्रक्रम देण्याचे खरे कारण हेच आहे.

आरंभ लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात करता येतो. वाळू खोल खणून मोकळी करावी. उभे राहून हात जेथवर पोहोचतो त्याहून किंचित वर पकड, सहा पावलांची धाव, आणि काठीबरोबर झुलत पुढे दोन्ही पायांवर उतरणे, एवढेच प्रथम करवून घ्यावे. आडवी पट्टी लावूच नये. काठी सहज उभी होऊन पलीकडे जात असेल तरच पकड थोडी वर न्यावी. ती उभी होण्यापूर्वी थांबत असेल तर पकड तत्काळ खाली आणावी. जंगलातील बांबू वापरल्यास तो चिरलेला, किडलेला नाही हे रोज पाहावे आणि वर घट्ट पट्टी गुंडाळावी.

शरीर उलटे करण्याच्या सरावासाठी महाराष्ट्राला परदेशाकडे पाहावयास नको. बाळंभट्टदादा देवधरांनी एकोणिसाव्या शतकात ज्याला नवजीवन दिले तो मल्लखांब, विशेषतः दोरीचा मल्लखांब, पाय डोक्यावर नेऊन शरीर सावरण्याची सवय उत्तम लावतो. एक मजबूत दोर आणि आंब्याची बळकट फांदी मिळाली तरी काम भागते, मात्र खाली गादी आणि शेजारी शिक्षक हवेच.

उंच पट्टीवरील सराव ही निराळी बाब आहे. त्यासाठी सुमारे 80 सेंटीमीटर जाडीची प्रशस्त गादी लागते. भाताच्या तणसाचा ढीग तिची जागा घेऊ शकत नाही, कारण तो एका जागी दबतो आणि दुसऱ्या उडीला तेथे कठीण जमीनच असते. फायबरग्लासच्या काठीवर उडीपटूच्या वजनाची मर्यादा छापलेली असते. त्याहून जड मुलाच्या हातात ती मोडू शकते. फार ताठ काठी हलक्या मुलाला मागे फेकते. ग्रामपंचायतीने वा शाळेने निधी जमविला असेल तर आधी गादी घ्यावी, मग निरनिराळ्या वजनांच्या दोन-तीन काठ्या, आणि पट्टीचे खांब सर्वात शेवटी.