धातूची झडप, रक्त पातळ करणारी गोळी आणि घरातलं यंत्र



तुमच्या गटात नाहीतर भावकीत एखादी बाई अशी असेल, जिच्या छातीवर मधोमध उभा व्रण आहे आणि रात्री सगळं शांत झालं की तिच्या छातीतून घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकू येते. तिच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे. मुंबईच्या उपनगरांत, घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीला अशा बायका आम्हाला भेटतात. काही इथल्याच. काही कोकणातून, नाशिककडून आलेल्या, भावाच्या किंवा नणंदेच्या खोलीवर उतरून परळच्या केईएम रुग्णालयात उपचार घेणाऱ्या. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, गावी परतल्या. पण खरी जपणूक त्यानंतर सुरू होते. ती असते रोजच्या गोळीची आणि रक्ताच्या तपासणीची. आज त्याविषयी बोलू, आणि ही तपासणी घरच्या घरी करणाऱ्या छोट्या यंत्राविषयीही.

हृदयाची झडप म्हणजे एका बाजूलाच उघडणारं दार. रक्त पुढे जातं, मागे येत नाही. आपल्याकडे हे दार खराब होण्याचं एक मोठं कारण म्हणजे लहानपणी घसा दुखून, नंतर सांधे सुजून येणारा ताप. डॉक्टर त्याला रुमॅटिक ताप म्हणतात. ताप जातो, सगळे विसरून जातात, आणि दहा-वीस वर्षांनी, बऱ्याचदा पहिल्या बाळंतपणात, बाईला दम लागायला लागतो. झडप फारच बिघडली तर बदलावी लागते. आपल्या देशात बनलेली एक झडप आहे, तिचं नाव चित्रा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने ती तयार केली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याची शस्त्रक्रिया बसते, हेही ज्यांना माहीत नसेल त्यांनी लक्षात ठेवावं. जनावराच्या ऊतीपासून केलेली झडपही असते. तिला बहुतेकदा जन्मभर ही गोळी लागत नाही, पण ती धातूच्या झडपेइतकी टिकत नाही. आज आपण धातूच्या झडपेपुरतंच बोलतोय.

धातू रक्ताला परका. परक्या वस्तूला लागलं की रक्त गोठू पाहतं. झडपेवर गुठळी धरली तर दार अडकतं. गुठळी सुटून मेंदूत गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यायची. ‘पातळ’ हा आपला बोलण्यातला शब्द. गोळीने रक्तात पाणी होत नाही, रक्त गोठायला वेळ लागतो एवढंच. आपल्याकडे वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम ही नावं चिठ्ठीवर दिसतात.

या गोळीची जन्मकथा गुरं पाळणाऱ्या बायकांनी ऐकावी अशी आहे. साधारण शंभर वर्षांपूर्वी अमेरिका-कॅनडात गाई अचानक रक्तस्राव होऊन मरू लागल्या. शिंग कापलं तरी रक्त थांबेना. कारण निघालं बुरशी लागलेला चारा. १९३३ साली विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली गाय आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची बरणी घेऊन, बर्फाळ रस्त्याने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. कार्ल लिंक नावाच्या शास्त्रज्ञाच्या चमूने त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढलं. त्यापासून पुढे वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदरांचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरात आलं. उंदराचं औषध म्हटल्यावर काहीजणी दचकतात. पण इथे सगळा खेळ मात्रेचा आहे. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मधली वाट अरुंद आहे.

ती वाट दाखवणारा आकडा म्हणजे आयएनआर. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. धातूची झडप असलेल्यांचा तो वाढवून ठेवायचा असतो. वरच्या बाजूच्या, म्हणजे महाधमनीच्या झडपेला साधारण २ ते ३, आणि मायट्रल झडपेला २.५ ते ३.५. पण शेजारणीची हद्द ती आपली हद्द नव्हे. आपली हद्द आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायची. पूर्वी एका लॅबचा निकाल दुसरीशी जुळत नसे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये हे माप ठरवून दिलं, म्हणून आज परळला काढलेला आकडा आणि तालुक्याला काढलेला आकडा शेजारी शेजारी ठेवता येतात.

आता हा आकडा हलतो का? तर रोजच्या ताटाने हलतो. पालक, मेथी, शेपू, माठ, कोथिंबीर, शेवग्याचा पाला यांत क जीवनसत्त्वासारखंच एक ‘के’ नावाचं जीवनसत्त्व असतं, आणि ते गोळीच्या उलट काम करतं. म्हणून ‘हिरव्या भाज्या बंद’ असं सांगणारे बरेच भेटतात. आमचं म्हणणं, बंद करू नका. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी आली की आपण रोज रानभाजी करतो, तेव्हा आकडा खाली घसरू शकतो. नवरात्रात नऊ दिवस भगर-साबुदाण्यावर राहिलो की पालेभाजी सुटते आणि आकडा वर जाऊ शकतो. जुलाब-उलट्या झाल्या, खाणं तुटलं, तरी तेच.

औषधांचं तर विचारूच नका. जुलाबावर मेट्रोनिडॅझोल घेतलं की आकडा चढतो. अंगदुखीवरच्या ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन उलट करतं, ते आकडा जोरात खाली ओढतं आणि गोळीची मात्रा बरीच वाढवावी लागते. उपचार संपले की ती पुन्हा उतरवावी लागते. झाडपाल्याचा काढाही डॉक्टरांना न सांगता घेऊ नये.

एवढं सगळं हलतं, म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा करायची. आकडा स्थिर असेल तर साधारण महिन्याला, हलत असेल तर लवकर. बोलायला सोपं. बोरिवलीच्या बाईला सकाळच्या गर्दीच्या गाडीने प्रभादेवीला उतरायचं, मुलुंडच्या बाईला परळला. रांग, रक्त, निकालाची वाट, पुन्हा रांग. घरकाम करणारीचा एक खाडा आणि एका दिवसाचा पगार. गावात राहणारीला तर लॅब तालुक्याला, एसटी दोन. मग तपासणी दोन महिन्यांवर जाते, तीनवर जाते. आम्हाला वाटतं, बायका निष्काळजी नसतात, त्यांचा दिवस रिकामा नसतो.

घरचं यंत्र इथे कामाला येतं. ते साखर तपासायच्या यंत्रासारखंच दिसतं, पण ते वेगळं आहे आणि त्याची पट्टीही वेगळी. पट्टीवर रक्त गोठवणारं द्रव्य असतं. थेंब पडला की किती वेळात गोठतं ते यंत्र मोजतं आणि मिनिटभरात आकडा दाखवतं.

सुरुवात दुकानातून करू नका, डॉक्टरांपासून करा. त्यांना विचारा, माझ्यासाठी हे यंत्र योग्य आहे का? या प्रश्नाला आपल्या बायकांच्या बाबतीत फार अर्थ आहे. अंगात रक्त फारच कमी असेल, तर यंत्राचा आकडा चुकू शकतो. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. ल्युपससारखे काही आजार असतील तरी यंत्रावर भरवसा ठेवता येत नाही. हे दुकानदार सांगणार नाही.

डॉक्टर हो म्हणाले, तर पहिल्यांदा त्यांच्यासमोर किंवा नर्सताईंसमोर करून पाहा. सोबत घरातलं एक माणूस न्या, कारण आपण आजारी पडलो तर तपासणी त्याला करायची आहे. यंत्रागणिक थोडाफार फरक असतो, तेव्हा खोक्यातला कागद कोणाकडून तरी वाचून घ्या. साधारण रीत अशी. हात कोमट पाण्याने धुवायचे आणि अगदी कोरडे करायचे, ओल्या बोटाचं पाणी थेंबात मिसळलं की आकडा बिघडतो. हात खाली सोडून थोडा हलवायचा, म्हणजे रक्त बोटाकडे येतं. मग पट्टी यंत्रात लावायची आणि यंत्राने खूण दाखवली की बोटाच्या टोकाला, बाजूने टोचायचं. मधोमध टोचलं तर भाकरी थापताना दुखतं. थेंब भरपूर हवा, पण बोट पिळून पिळून काढलेला नको. आणि तो लगेच लावायचा, काही यंत्रांना टोचल्यापासून पंधरा सेकंदांच्या आत. थेंब कमी पडला तर वरून दुसरा थेंब टाकायचा नाही. ती पट्टी फुकट गेली समजून नवी पट्टी, नवं बोट.

पट्ट्या जपणं हे वेगळंच काम आहे. पुष्कळशा पट्ट्या तीस अंशांच्या वर ठेवायच्या नसतात. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात किती तापतं ते तिथे राहणारीला विचारा, आणि तुमच्याकडचे पत्रेही काही थंड नसतात. फ्रीज असेल तर त्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही. नसेल तर शेजारणीच्या फ्रीजमध्ये नाव लिहून ठेवा. डबीचं झाकण घट्ट हवं, पावसाळी दमटपणाने पट्टी मरते. मुदत संपलेली पट्टी वापरायची नाही. पट्टीच्या खोक्यासोबत छोटी चिप येत असेल, तर नवं खोकं म्हणजे नवी चिप.

पहिल्या काही वेळा यंत्राचा आकडा आणि लॅबचा आकडा एकाच दिवशी, एकामागोमाग काढून ताडून पाहा. यंत्रावर २.६ आणि लॅबमध्ये २.८ आला म्हणून घाबरायचं नाही, एवढं होतंच. अर्ध्याहून जास्त फरक वारंवार येत असेल तर यंत्र डॉक्टरांना दाखवा. आकडा फार मोठा आला, म्हणजे साडेचारच्या वर, तर तो लॅबमध्ये खात्री करून घ्यायचाच. यंत्र वरच्या आकड्यांना तितकं नेमकं नसतं.

आणि वही. तारीख, आकडा, त्या दिवशीची गोळी, चुकलेली गोळी, नवं औषध, उपवास. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. लिहून ठेवायचं आणि विचारायचं. यंत्र आकडा सांगतं, मात्रा सांगत नाही. जर्मनीसारख्या देशात रुग्णांना शिकवून मात्रा त्यांनाच थोडी वरखाली करू देतात, पण त्याआधी रीतसर वर्ग असतात. आपण आकडा फोनवर कळवायचा आणि डॉक्टर सांगतील तेवढाच बदल करायचा.

याने खरंच फायदा होतो का? २०१६ साली जगभरच्या २८ अभ्यासांची, सुमारे नऊ हजार रुग्णांची बेरीज करून पाहिली गेली. घरी तपासणाऱ्यांमध्ये गुठळ्यांचा त्रास बराच कमी दिसला, मोठा रक्तस्राव मात्र कमी झाला नाही, वाढलाही नाही. दुसरीकडे २०१० च्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दर आठवड्याला घरी तपासणारे आणि दर महिन्याला चांगल्या दवाखान्यात तपासणारे यांच्यात लकवा, रक्तस्राव किंवा मृत्यू यांत ठळक फरक आढळला नाही. म्हणून यंत्र परवडत नाही म्हणून हिरमुसू नका. जी दर महिन्याला न चुकता लॅबमध्ये जाते, ती काही मागे पडलेली नाही. यंत्र तिच्यासाठी, जिला जाणं जमतच नाही.

पैशाचं बोलू. यंत्र एकदा घ्यायचं, पट्टी दर वेळी. तेव्हा आधी पट्टीचा भाव विचारा, वर्षाला किती लागतील त्याने गुणा आणि मग ठरवा. जवळच्या औषधदुकानात ती पट्टी कायम मिळते का, हेही विचारा. काही गट म्हणतात, बचतीतून एक यंत्र घेऊ आणि चौघीजणी वापरू. विचार चांगला आहे, पण घरोघर फिरणारं यंत्र आम्हाला पसंत नाही. एकीच्या रक्ताचा अंश यंत्राला राहिला तर कावीळ ब सारखा आजार दुसरीला लागू शकतो, आणि घरगुती यंत्रं बरीचशी एकाच माणसासाठी असतात. टोचायची सुई तर आई-मुलीतही वाटायची नाही. गटाला काही करायचंच असेल तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोला, अनेकांसाठी चालणारं यंत्र नर्सताईंच्या हाताखाली राहू शकेल का ते पाहा. किंवा जिला खरी गरज आहे तिच्या पट्ट्यांसाठी बिनव्याजी उचल द्या.

कोणी सांगेल, आता तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आहेत. आल्या आहेत, पण धातूच्या झडपेसाठी नाहीत. अशा एका गोळीचा धातूच्या झडपेच्या रुग्णांवरचा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले.

पाळी जास्त जात असेल तर लाजून गप्प बसू नका, आकडा पाहा आणि डॉक्टरांना सांगा. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच सांगा, आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात जा. ही गोळी पहिल्या तीन महिन्यांत बाळाला इजा करू शकते, पण आपल्या मनाने बंद केली तर आईच्या झडपेवर गुठळी धरते. दोघांना सांभाळायचा मार्ग डॉक्टरच आखतात, सासूबाई नाहीत आणि आपण स्वतःही नाही.

काळी शी, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, मग जखम दिसो न दिसो, यांपैकी काहीही झालं तर आकडा काढत बसू नका, रुग्णालय गाठा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली, तर १०८ ला फोन. एकदम दम लागला आणि नेहमीची टिकटिक दबल्यासारखी झाली किंवा ऐकूच येईना, तरीही तसंच.

एक कार्ड करून पाकिटात ठेवा. त्यावर झडपेचं नाव, ती कुठली, शस्त्रक्रियेची तारीख, आपली हद्द, गोळीचं नाव आणि डॉक्टरांचा फोन. दात काढायचा असेल, इंजेक्शन घ्यायचं असेल किंवा दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे गेलात, तर बसल्या बसल्या आधी ते कार्ड पुढे करा.